व्होल्टाने स्वतःच्या कानात वीज सोडली तेव्हा...

तुमच्या चार्जरवर जो व्होल्ट लिहिलेला असतो ना, तो एका माणसाच्या आडनावावरून आलाय. अलेस्सांद्रो व्होल्टा. माझी त्याच्याशी खरी ओळख झाली भाचीमुळे. तिच्या कानात कॉक्लियर इम्प्लांट बसवायचं ठरलं आणि ताईने मला विचारलं, आतली तार गंजली तर काय रे? मी सॉफ्टवेअरवाला, मला उत्तर येईना. मग वाचत बसलो.

व्होल्टाचा जन्म १७४५ चा, इटलीतल्या कोमो गावातला. पुढे तो पाव्हिया विद्यापीठात फिजिक्सचा प्राध्यापक झाला. त्या काळात गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचे पाय दोन धातू लावून हलवून दाखवले होते. गॅल्व्हानीच्या मते ती वीज बेडकातच होती. व्होल्टाला हे पटलं नाही. त्याच्या मते वीज दोन वेगळ्या धातूंमुळे येत होती.

१८०० मध्ये त्याने ते सिद्धच केलं. चांदी आणि जस्ताच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली. हीच पहिली बॅटरी! मग पठ्ठ्याने तिच्या दोन टोकांना सळया जोडून त्या स्वतःच्याच दोन्ही कानांत घातल्या. डोक्यात झटका बसला आणि काहीतरी घट्ट उकळत असल्यासारखा आवाज आला. धोका ओळखून त्याने तो प्रयोग पुन्हा केला नाही.

१८०१ मध्ये त्याने नेपोलियनला बॅटरी दाखवली, मानसन्मान मिळाले. १८२७ मध्ये कोमोलाच तो वारला. पण एक गोष्ट त्याच्याकडून निसटली. त्याला वाटायचं, धातू एकमेकांना नुसते टेकले की वीज येते. खरं तर जस्त हळूहळू विरघळतं, म्हणून ती येते.

इम्प्लांटवाल्यांची डोकेदुखी नेमकी हीच. आपलं शरीरही खारट पाण्याने भरलेलं. तिथे चुकीचा धातू टाकला तर तो झिजणार आणि पेशींनाही त्रास देणार. म्हणून इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे, किंवा प्लॅटिनममध्ये थोडं इरिडियम मिसळून केलेले असतात. पण सतत एकाच दिशेने करंट सोडला तर प्लॅटिनमही विरघळू शकतं. त्यामुळे प्रत्येक पल्समध्ये जेवढा चार्ज आत जातो, तेवढाच उलट दिशेने परत घेतात.

ताईला मी एवढंच सांगितलं: धातू विचार करून निवडलाय, आणि त्याला जपायचं काम सर्किट करतं. भाची आता हाक मारली की वळून बघते.