शून्य होईपर्यंत थांबायचे नाही

मिन चिऊ ली यांचा जन्म १९१९ साली चीनमधील मुकदेन (आताचे शेनयांग) शहरात झाला. तिथे डॉक्टर होऊन ते १९४७ मध्ये पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. मायदेशी यादवी युद्ध, मग सत्तांतर. ली अमेरिकेतच राहिले. १९५५ मध्ये ते बेथेस्डाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रुजू झाले.

तिथे त्यांच्यापुढे कोरिओकार्सिनोमाच्या रुग्ण आल्या. वारेच्या पेशींपासून होणारा हा कर्करोग द्राक्षगर्भानंतर, क्वचित साध्या बाळंतपणानंतरही होतो. तो फुप्फुसांत पसरला की त्या काळी बहुतेक तरुण बायका वर्षभरात दगावत. या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक तयार करतात. गरोदरपणाच्या चाचणीत लघवीत सापडते तेच. त्यामुळे शरीरात रोग किती उरला आहे, याचा अंदाज त्याच्या पातळीवरून येतो.

ली आणि डॉ. रॉय हर्ट्झ यांनी या रुग्णांना मेथोट्रेक्सेट दिले. (हे औषध लेडर्ली कंपनीतले, तेथील संशोधनाची धुरा आपल्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती.) गाठी विरघळल्या, एक्स-रे स्वच्छ झाले. घनगाठीचा पसरलेला कर्करोग औषधाने असा नाहीसा होताना क्वचितच कोणी पाहिला होता.

एचसीजी मात्र थोडे शिल्लक होते. एक्स-रेत दिसणाऱ्या लहानशा गाठीतही कोट्यवधी पेशी असतात. त्याहून कमी उरल्या तर त्या दिसत नाहीत, पण संप्रेरक सोडतच राहतात. ली यांनी औषध चालू ठेवले. वरिष्ठांना ते पटले नाही. त्यांचा आक्षेप अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. मेथोट्रेक्सेटने तोंड सोलवटते, पांढऱ्या पेशी घटतात, जंतुसंसर्ग जिवावर बेततो. बऱ्या दिसणाऱ्या बाईला केवळ एका आकड्यासाठी विष का द्यायचे? १९५७ मध्ये ली यांना संस्था सोडावी लागली.

पुढे उलगडा झाला. ज्यांचे औषध लवकर थांबवले, त्यांचा रोग उलटला; एचसीजी शून्यावर येईपर्यंत ज्यांना ते मिळाले, त्या बऱ्याच राहिल्या. संस्थेनेही मग हीच पद्धत स्वीकारली. दरम्यान ली यांनी न्यूयॉर्कमध्ये वृषणाच्या कर्करोगावर एकत्रित औषधांचे उपचार सुरू केले होते. १९७२ मध्ये हर्ट्झ आणि ली या दोघांनाही लास्कर पुरस्कार मिळाला. १९८० मध्ये ली वारले.

आता एचसीजी रक्तात मोजतात आणि ते सामान्य झाल्यावरही आणखी काही डोस देतात. अंडाशयाच्या कर्करोगात सीए-१२५ बघतात. केमोथेरपी सुरू झाल्यावर ते किती वेगाने उतरते, यावरून पुढच्या वाटचालीचा अंदाज बांधता येतो. मात्र हा आकडा एचसीजीइतका नेमका नाही. पोटाच्या क्षयरोगात, एंडोमेट्रिओसिसमध्ये, अगदी पाळीतही तो वाढतो. शिवाय उपचार संपल्यावर, काही त्रास नसताना, निव्वळ सीए-१२५ वाढले म्हणून लगेच केमोथेरपी सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले.