दुसऱ्याच्या मुलासाठी गहाण ठेवलेलं घर

मुलुंडच्या शाखेत मी कर्जविभाग सांभाळत होतो, तेव्हा घर गहाण ठेवायला आलेला माणूस मला लांबूनच ओळखू येई. हातात पिशवी, पिशवीत दस्तऐवज आणि बोलताना नजर टेबलावरच्या पेपरवेटवर. मुलीचं लग्न, बायकोचं आजारपण, मुलाचा धंदा, कारणं ठरलेली. दुसऱ्याच्या मुलासाठी घर तारण ठेवणारा एकही माणूस मला सबंध नोकरीत भेटला नाही. म्हणूनच पैलवान खाशाबा जाधवांचं चरित्र वाचताना मी आधी थांबलो तो पदकापाशी नव्हे, तर सात हजार रुपयांपाशी.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत हे धाकटे. लाल मातीत वाढलेला हा मुलगा १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं लंडन ऑलिंपिकला गेला. मातीऐवजी मॅट, नियमही नवे, तरी फ्लायवेट गटात सहावा आला.

पुढचं ऑलिंपिक १९५२ साली हेलसिंकीला होतं. जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, ती पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. कर्ज अधिकारी म्हणून सांगतो, असल्या कर्जाला मी मंजुरी दिली नसती. परतफेडीचा भरवसा काय, तर एका विद्यार्थ्याची मनगटं!

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीबरोबरची कुस्ती लांबली आणि हातची गेली. लगेचच दमल्या अंगानं सोव्हिएत मल्ल राशिद ममदबेयोवसमोर उभं राहावं लागलं. नियमातली विश्रांती मागायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता, असं सांगतात. इशीला सुवर्ण, ममदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं; ते लिअँडर पेसनं आणलं.

कऱ्हाडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गुलाल खाली बसल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले, जिंकले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. मला त्या कांस्यपदकाहून ही कुस्ती मोठी वाटते.

१९५५ साली ते पोलीस दलात फौजदार झाले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, सोळा वर्षांनी. दिल्लीच्या कुस्ती संकुलाला त्यांचं नाव लागलं २०१० साली. खर्डेकरांचं खातं खाशाबांनी वेळेत बंद केलं. देशानं मात्र त्यांचे हप्ते फारच उशिरा भरले.

रविवारी सकाळी आमच्या बोरिवलीत आईबाप मुलांना स्कूटरवर बसवून मैदानावर सोडतात. घामाघूम पोरं पाहून कौतुक वाटतं. मग मनात येतं, यातल्या एखाद्याचा बाप पैशापायी अडला, तर मी माझ्या दोन खोल्यांचे कागद कपाटातून बाहेर काढीन का? उत्तर देण्याआधीच माझी नजर पेपरवेट शोधू लागते.