कुंडलिकेचं पाणी आणि सेनापती बापट

परीक्षा संपली, सबमिशनं आटोपली, ओरल्सचा ताप उतरला की घरी पहिला प्रश्न असतो, यंदा सुट्टीत कुठं जायचं? पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर तर झालेलंच असतं. गोवा परवडत नाही (आणि परवडलं तरी आईबाबांबरोबर जायचं नसतं!). मग कुणीतरी कोलाडचं नाव काढतं. रबरी बोट, अंगात लाईफ जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, हातात वल्हं आणि समोर उसळणारं पांढरं पाणी. रायगड जिल्ह्यातल्या कुंडलिका नदीवरचं हे राफ्टिंग आता चांगलंच गाजलेलं आहे. मी आपली काठावर बसते म्हणणारी आई शेवटी बोटीत चढते आणि परतीच्या गाडीत तीच सगळ्यात जास्त बोलत असते.

पण आपण पडलो इंजिनीअरिंगवाले. आपल्याला एक प्रश्न पडायलाच हवा. उन्हाळ्यात सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या ठणठणीत कोरड्या असतात. मग कुंडलिकेलाच एवढं पाणी कुठून येतं? आणि तेही सकाळी, ठरावीक वेळेला?

हे पाणी पावसाचं नाही, वीजघराचं आहे. पुण्याच्या पश्चिमेला मुळा नदीवर मुळशी धरण आहे. ही नदी खरं तर पूर्वेकडे वाहते. पण धरणात अडवलेलं तिचं पाणी बोगद्यातून आणि मोठाल्या पाइपांमधून सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणात भिरा इथे सोडतात. उंचीतला फरक सुमारे ५०० मीटर. हिशोब करून बघा, एक घनमीटर पाणी एवढ्या उंचीवरून आलं की सव्वा युनिटच्या आसपास वीज मिळते. भिऱ्याच्या टर्बाइनमधून बाहेर पडलेलं पाणी पुढे कुंडलिकेत येतं आणि त्यावर आपली बोट उसळते.

या पाण्याच्या वाटेत एक माणूस आडवा उभा राहिला होता. तोसुद्धा इंजिनीअरिंगचाच विद्यार्थी होता. त्याचं नाव पांडुरंग महादेव बापट. म्हणजेच सेनापती बापट. पुण्यात आणि मुंबईत ज्यांच्या नावाचे रस्ते आहेत, तेच. रस्ता सगळ्यांना माहीत असतो, माणूस फार थोड्यांना. म्हणून हा लेखप्रपंच.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, पारनेरचा. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगा हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत असतानाच त्यांनी तलवारीवर हात ठेवून देशाच्या स्वातंत्र्यासाठी आयुष्य वाहायची शपथ घेतली. आपण त्या वयात फार तर पुढच्या सेमिस्टरला नीट अभ्यास करायची शपथ घेतो!

१९०४ मध्ये त्यांना मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि ते स्कॉटलंडला गेले. एडिंबरोच्या हेरियट-वॉट कॉलेजात मेकॅनिकल इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला. परदेशात शिकायला जाणारा पोरगा म्हणजे त्या काळी अख्ख्या गावाची आशा. परत येऊन मोठ्या पगाराची नोकरी, बंगला, सगळं समोर दिसत होतं. पण हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याची खरी हालत काय आहे, हे बापटांनी तिथल्याच एका सभेत, इंग्रजांच्या तोंडावर सांगून टाकलं. व्हायचं तेच झालं. शिष्यवृत्ती बंद. डिग्री अर्धवट राहिली.

मग लंडनचं इंडिया हाऊस, तिथे सावरकरांची संगत. तिथून पॅरिस. पॅरिसमध्ये बापट, बंगालचे हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास यांनी रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब तयार करायची विद्या मिळवली. त्याची पुस्तिका घेऊन १९०८ मध्ये बापट मायदेशी परतले. स्वतः मात्र ते सरसकट रक्तपाताच्या बाजूचे नव्हते. इंग्रज सरकारला हादरा बसावा, लोक जागे व्हावेत, एवढ्यापुरतंच ते या साधनाकडे बघत. त्याच वर्षी अलीपूर बॉम्ब खटल्यात माफीच्या साक्षीदाराने त्यांचं नाव घेतलं आणि बापट भूमिगत झाले. चार वर्षं ते पोलिसांना सापडले नाहीत. १९१२ मध्ये इंदूरला पकडले गेले, पण पुरेसा पुरावा नसल्यामुळे पुढे सुटले.

सुटून आल्यावर त्यांनी काय केलं असेल? हातात झाडू घेतला! पारनेरला ते पहाटे उठून रस्ते झाडायचे, संडास साफ करायचे. विलायतेत शिकून आलेला, वर ब्राह्मण घरातला माणूस हे करतोय, हे त्या काळी गावाच्या पचनी पडणं सोपं नव्हतं. त्यांना मुलगा झाला तेव्हा आनंदाच्या जेवणाची पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांची बसवली. पुढे अंदमानातल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी मोहीम चालवतानाही ते मुंबईच्या रस्त्यांवर झाडू घेऊन फिरले. झाडणं त्यांनी शेवटपर्यंत कमीपणाचं मानलं नाही.

आता येऊ मुळशीकडे. मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज हवी होती. कोळसा लांबून आणावा लागे, तो महाग पडे. सह्याद्रीवर पाऊस बदाबदा कोसळतो आणि खाली कोकण पाचशे मीटरवर! इंजिनीअरच्या नजरेनं बघितलं तर योजना झकासच होती. टाटांच्या कंपनीनं ती हाती घेतली. पण मुळशी खोरं रिकामं नव्हतं. तिथे मावळ्यांची ५२ गावं होती. पिकाऊ भातखाचरं, देवळं, पिढ्यान्‌पिढ्यांची घरं होती. जमिनीचा रीतसर निकाल लागायच्या आधीच शेतात खोदकाम सुरू झालं. त्यातही गोम अशी, की बऱ्याच जमिनी सावकारांच्या नावावर किंवा त्यांच्याकडे गहाण होत्या. भरपाई मिळाली तरी ती कसणाऱ्याच्या हातात येईल याची खात्री नव्हती. त्या वेळचा १८९४ चा भूसंपादन कायदा पैशाची भाषा बोलत होता. जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायचं बंधन त्यात नव्हतं.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि मुळशी सत्याग्रह सुरू झाला. मोठ्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेला हा जगातल्या पहिल्या लढ्यांपैकी एक मानला जातो. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग बापट हे त्याचे पुढारी. याच लढ्यानं बापटांना सेनापती केलं. ही पदवी सरकारनं दिली नाही, की विद्यापीठानं नाही. लोकांनी दिली. आणि मरेपर्यंत ती नावापासून सुटली नाही.

काम काही महिने थांबलं, पुन्हा सुरू झालं. सत्याग्रहींची धरपकड झाली. बायाबापड्याही तुरुंगात गेल्या. बापट पुन्हा पुन्हा आत जाऊन आले. वर्षं गेली तशी लोकांची उमेद खचत गेली. कुणी भरपाई घेतली, कुणी गाव सोडलं. बापटांनी मात्र हार मानली नाही. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी आणि थोड्या साथीदारांनी धरणाच्या कामावर मजूर नेणारी गाडी रुळांवर अडवली. हातात पिस्तूल होतं. गोळ्या झाडल्या गेल्या, काही लोक जखमी झाले.

इथे आपण थांबून विचार करायला हवा. गांधीजींच्या अहिंसेत हे बसणारं नव्हतं. गाडीतले मजूरसुद्धा पोटासाठीच आलेले होते. बापटांचा युक्तिवाद वेगळा होता. जे करायचं ते उघड करायचं, पळायचं नाही, लपायचं नाही आणि होईल ती शिक्षा भोगायची, हा त्यांचा सत्याग्रह. आपल्याला तो पटेल किंवा पटणार नाही. पण त्यांनी किंमत स्वतः मोजली. सात वर्षांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असताना धरण पूर्ण झालं आणि १९२७ मध्ये भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. १९३१ मध्ये बापट सुटले तेव्हा ती गावं पाण्याखाली गेलेली होती.

माणूस खचला असता. हा नाही खचला. सुटल्यावर पुन्हा सरकारविरोधी भाषणं, पुन्हा तुरुंग. १९३७ मध्ये सुटका. मग हैदराबाद संस्थानातला सत्याग्रह, मग सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचं महाराष्ट्रातलं अध्यक्षपद. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवायचा मान त्यांना मिळाला. १८ मे १९५५ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींची तुकडी पोर्तुगीज हद्दीत शिरली. तिच्या पुढे नानासाहेब गोरे यांच्याबरोबर होते ७४ वर्षांचे सेनापती! पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते होतेच. एवढ्या धामधुमीत अरविंदबाबूंच्या दिव्यजीवन या जाडजूड ग्रंथाचा त्यांनी मराठी अनुवादही केला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

आता कुणी म्हणेल, हे सगळं पुण्या-मुंबईकडचं, आपल्या सोलापूरचा काय संबंध? तर ऐका. मुळा पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमेचं पाणी उजनी धरणात येतं. म्हणजे जे पाणी घाटापलीकडे जातं, त्याची मूळ वाट आपल्या दारावरून होती! टाटांच्या धरणांचं पाणी पूर्वेकडे वळवा ही भीमा खोऱ्यातली मागणी त्यातूनच आलेली आहे. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येण्याचा अनुभव ज्या सोलापूरकरांनी घेतलाय, त्यांना ती पटकन कळेल. आणि दुसऱ्या बाजूनं, मुंबईच्या उद्योगांना त्या विजेनं उभं केलं, हेही खोटं नाही.

त्याहून जवळची गोष्ट म्हणजे आपली उजनी. तिच्यामुळे जिल्ह्यात ऊस उभा राहिला, पण करमाळा आणि इंदापूरकडची कितीतरी गावं तिच्याही पोटात गेली. पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक बघायला जातात. आपल्याच हॉस्टेलमध्ये एका खोलीत उजनीच्या पाण्यावर पिकलेल्या उसाच्या पैशांतून शिकणारा मुलगा असेल आणि शेजारच्या खोलीत आजोबांचं गाव त्याच पाण्याखाली गेलेला. दोघंही एकाच मेसमध्ये जेवतात.

महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये आला. देशपातळीवर भरपाईबरोबर पुनर्वसनही बंधनकारक करणारा भूसंपादन कायदा २०१३ मध्ये झाला. मुळशी सत्याग्रहाला तोवर ९२ वर्षं झाली होती. बापट धरण थांबवू शकले नाहीत. पण विस्थापिताला फक्त पैसे देऊन भागत नाही, हे जे मावळे सांगत होते ते शेवटी कायद्याला ऐकावं लागलं.

मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कुणी सिव्हिलवाला धरणाचं डिझाइन करेल, कुणी मेकॅनिकलवाला टर्बाइन बसवेल, कुणी इलेक्ट्रिकलवाला लाइन टाकेल. हेड, डिस्चार्ज, एफिशियन्सी सगळं शीटवर असेल. त्या शीटवर बुडणाऱ्या गावांचाही एक रकाना असावा आणि तो सगळ्यात आधी भरावा, एवढंच सेनापतींचं आयुष्य आपल्याला सांगतं.

आणि हो, सुट्टीत घरच्यांबरोबर कोलाडला जरूर जा. मजा करा, पाणी उडवा, ओरडा. सोलापूरहून निघालात की आधी भिगवणजवळ उजनीचं पाणी दिसेल. मग पुणे, पौड आणि ताम्हिणी घाटाच्या आधी मुळशीचा तलाव. तिथं गाडी जरा बाजूला घ्या. लहान भावंडांना सांगा, या निळ्याशार पाण्याखाली गावं आहेत आणि त्यांच्यासाठी आपल्यासारखाच इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी सगळं सोडून लढला होता. मग खुशाल बोटीत बसा!