खाटकाच्या दुकानातला सायकलस्वार

मागच्या वर्षी आमच्या आंतर-हाऊस सायकल शर्यतीत पहिले तीन किलोमीटर मी सगळ्यांच्या पुढे होतो. बाराव्या किलोमीटरला पोटऱ्यांत पेटके आले आणि मी रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. माझ्या हाऊसचे गुण गेले. तयारी म्हणून मी आदल्या दिवशी फक्त चेनला तेल घातले होते. नंतर सुट्टीत फाउस्तो कोप्पी या इटालियन सायकलपटूबद्दल वाचले, तेव्हा माझे काय चुकले ते कळले. ज्यांना रस्त्यावरच्या शर्यतीत पहिल्यांदाच उतरायचे आहे, त्यांच्यासाठी त्याची गोष्ट सांगतो.

फाउस्तोचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी उत्तर इटलीतील कास्तेल्लानिया या डोंगराळ भागातल्या लहानशा खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. तो अंगाने किरकोळ होता. शाळेपेक्षा त्याला सायकल प्रिय होती. आठ वर्षांचा असताना एक गंजलेली, ब्रेक नसलेली सायकल घेऊन त्याने शाळा बुडवली. शिक्षा म्हणून, आपण सायकलवर नव्हे तर शाळेत असायला हवे होते, हे त्याला शंभर वेळा लिहावे लागले. आमच्याकडे त्याला मैदानाच्या फेऱ्या मिळाल्या असत्या. त्या निदान पायांच्या तरी कामी आल्या असत्या!

तेराव्या वर्षी शाळा सोडून तो नोव्ही लिगुरे या गावात खाटकाच्या दुकानात कामाला लागला. सायकलवरून गिऱ्हाइकांच्या घरी माल पोचवणे हे त्याचे काम होते. ऊन असो वा थंडी, चढ असो वा उतार, रोज सायकल चालवायचीच. आपण शर्यतीची तयारी करतो आहोत हे त्याला ठाऊकही नव्हते. पण पुढच्या सगळ्या यशाचा पाया त्या फेऱ्यांनी घातला. पहिला धडा हाच आहे. एका दिवशी जीव तोडून पन्नास किलोमीटर जाण्यापेक्षा रोज थोडे, पण नेमाने चालवलेले अधिक उपयोगी पडते.

पंधराव्या वर्षी, म्हणजे माझ्याच वयात, त्याला काकांनी आणि वडिलांनी शर्यतीच्या सायकलसाठी पैसे दिले. त्याने आपल्या मापाची फ्रेम बनवायला दिली. दुकानदाराने त्याला कित्येक आठवडे खेपा घालायला लावल्या आणि शेवटी मापाची नसलेलीच फ्रेम हातात दिली. तरीही मुलांच्या एका शर्यतीत तो पहिला आला. बक्षीस होते वीस लिरा आणि सलामीचे एक सँडविच.

आपल्यापैकी बहुतेकांना मापाची सायकल मिळत नाही, पण सीटची उंची तरी आपल्या हातात असते. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मग पंजाने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. माझी सीट गेल्या वर्षी चार बोटे खाली होती. सगळा भार गुडघ्यांवर येत होता आणि मी दोष नशिबाला देत होतो.

नोव्ही लिगुरेमध्येच फाउस्तोला त्याचा गुरू भेटला. बियाजो काव्हान्ना हा पूर्वी मुष्टियोद्धा होता. दृष्टी गेल्यावर तो खेळाडूंना मालिश करू लागला. स्नायूंवरून हात फिरवून आणि नाडी पाहून तो खेळाडूची ताकद ओळखत असे. या मुलाची छाती खोल आहे, पाय लांब आहेत आणि नाडी संथ आहे, हे त्याने बोटांनी ओळखले. त्याच्याकडची शिस्त आपल्या होस्टेलसारखीच कडक होती. लवकर झोपणे, लवकर उठणे, लांबच्या फेऱ्या आणि मोजके खाणे. १९३८ मध्ये फाउस्तोने रीतसर परवाना काढला आणि जवळच्याच एका गावातली शर्यत एकट्याने पुढे निघून जिंकली. त्या वेळी त्याला गजराचे घड्याळ मिळाले.

१९४० मध्ये तो इटलीच्या सर्वांत मोठ्या शर्यतीत, जिरो दितालियामध्ये, उतरला; पण नायक म्हणून नव्हे. संघाचा नायक जिनो बार्ताली होता. फाउस्तोने त्याच्यासाठी वारा अडवायचा आणि गरज पडेल ती मदत करायची, असे ठरले होते. सुरुवातीलाच बार्ताली पडून जखमी झाला. डोंगराळ टप्प्यात हा मदतनीसच पुढे निघाला आणि विसाव्या वर्षी जिरोचा विजेता ठरला. शर्यत ९ जूनला संपली आणि १० जूनला इटली महायुद्धात उतरली.

यातला दुसरा धडा म्हणजे दुसऱ्याच्या चाकामागे राहायला शिकणे. पुढच्या सायकलच्या मागे जवळून चालवले की वारा कमी लागतो आणि बरीच ताकद वाचते. पण त्यासाठी सराव हवा. अचानक ब्रेक दाबायचा नाही, पुढच्याच्या चाकाला चाक भिडवायचे नाही आणि खड्डा दिसला की हाताने खूण करायची. आपल्या परेडमध्ये रांग सांभाळणे आणि हे, यात फारसा फरक नाही.

युद्ध चालू असतानाच, १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये, फाउस्तोने मिलानच्या ट्रॅकवर एका तासात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापून जागतिक विक्रम केला. त्याच वर्षी त्याच्या गळपट्टीचे हाड मोडले होते. हा विक्रम १९५६ पर्यंत टिकला. त्यानंतर सैनिक म्हणून त्याला उत्तर आफ्रिकेत पाठवण्यात आले आणि एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात तो ब्रिटिशांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला. खेळाडूच्या उमेदीची वर्षे छावण्यांत गेली. १९४५ मध्ये सुटल्यावर तो काही अंतर सायकलने आणि काही मिळेल त्या वाहनाने घरी पोचला. पुन्हा पहिल्यापासून मेहनत करून १९४६ ची मिलान ते सान रेमो ही सुमारे २९० किलोमीटरची शर्यत त्याने जिंकली. दुसरा स्पर्धक त्याच्यानंतर १४ मिनिटांनी आला.

१९४९ हे त्याचे सर्वांत मोठे वर्ष. जिरोमध्ये कुनेओ ते पिनेरोलो या टप्प्यात पाच मोठे घाट होते. तिथे तो १९२ किलोमीटर एकटा पुढे होता. त्यानंतर फ्रान्समधील टूरमध्ये तो पडला, सायकल मोडली, हातात योग्य सायकल येईपर्यंत वेळ गेला आणि तो अर्ध्या तासाहून जास्त मागे पडला. शर्यत सोडायचे त्याने जवळजवळ ठरवले होते. व्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदाने त्याची समजूत घातली. मग आल्प्सच्या घाटांत त्याने ती पिछाडी भरून काढली आणि टूरही जिंकली. एकाच वर्षी जिरो आणि टूर जिंकणारा तो पहिलाच. १९५२ मध्ये त्याने हाच पराक्रम पुन्हा केला आणि १९५३ मध्ये तो रस्त्यावरच्या शर्यतीचा जगज्जेता झाला.

पण त्याचे आयुष्य म्हणजे केवळ बक्षिसांची यादी नाही. त्याचा धाकटा भाऊ सेर्से हाही सायकलपटू होता. १९५१ मध्ये तुरीनच्या शर्यतीत तो पडला. त्याच्या डोक्याला मार लागला होता, तरी तो उठला, सायकलवर बसून मुक्कामी गेला आणि त्याच दिवशी वारला. हे वाचल्यापासून मी हेल्मेटचा पट्टा न लावता सायकल काढत नाही. डोक्याला मार लागला तर बरे वाटत असले तरी आधी डॉक्टरकडे जायचे, हे आपण सर्वांनीच लक्षात ठेवायला हवे.

आणखी एक गोष्ट लपवणे बरोबर नाही. त्या काळी सायकलपटू उत्तेजक गोळ्या घेत. त्यांवर बंदी नव्हती आणि फाउस्तोनेही त्या घेतल्याचे उघड सांगितले होते. एवढा मेहनती माणूसही या वाटेने गेला, याचे मला वाईट वाटले. त्याच्या मेहनतीचा मला आदर वाटतो, पण या एका बाबतीत त्याचे अनुकरण करायचे नाही.

डिसेंबर १९५९ मध्ये तो पश्चिम आफ्रिकेतील अपर व्होल्टा या देशात गेला. परतल्यावर त्याला ताप आला. तो मलेरिया होता, पण वेळेवर ओळखला गेला नाही. २ जानेवारी १९६० रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. त्याच्याबरोबर गेलेल्या फ्रेंच सायकलपटूलाही तोच ताप आला होता. त्याचे निदान वेळेवर झाले आणि तो वाचला. पाच घाट ज्याला अडवू शकले नाहीत, त्याला एका डासाने हरवले.

यंदाच्या शर्यतीला आठ आठवडे आहेत. मी वेळापत्रक करून कपाटाच्या आतल्या बाजूला लावले आहे. पहिले तीन आठवडे सोबत्याशी बोलता येईल एवढ्याच वेगाने चालवायचे. हलका गिअर ठेवून पेडल भराभर फिरवायचे. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा बावीस वेळा वर यायला हवा. चौथ्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा शाळेमागचा चढ सहा वेळा चढायचा आणि प्रत्येक वेळी उतरताना दम घ्यायचा. तहान लागण्याआधी पाणी प्यायचे. तासाभराहून लांबच्या फेरीत खिशात केळे किंवा गूळ-शेंगदाणे ठेवायचे. रविवारी पूर्ण विश्रांती आणि शेवटच्या आठवड्यात सराव निम्मा.

मित्रांनो, एवढ्याने मी कोप्पी होणार नाही, हे मला माहीत आहे. पण या वेळी पहिल्या तीन किलोमीटरांत मी सगळ्यांच्या पुढे दिसलो नाही, तर मी तयारी करून आलो आहे असे समजा.