विश्लेषण : बाळाची पारख अंगणात कशी आली? ताराबाई मोडक यांची अमरावती ते कोसबाड वाटचाल

अकोल्यातील एखादी वस्ती असो वा मेळघाटातील कोरकूंचे गाव, अंगणवाडीत दर महिन्याला बाळाचे वजन होते आणि आकडा मोबाइलमधल्या ॲपवर चढतो. पण बाळ मान धरते का, आवाजाकडे वळते का, आई दिसली की हसते का? या प्रश्नांची उत्तरे वजनकाट्यावर मिळत नाहीत. ती मुलाजवळ बसून, त्याच्याकडे पाहूनच मिळतात. हे काम शहरातल्या शाळेतून गावातल्या अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते अमरावतीत.

अमरावतीशी नाते काय?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला घरातून विरोध नव्हता. त्या पदवीधर झाल्या, आणि १९१५मध्ये अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१मध्ये दोघे विभक्त झाले. पदरी लहान मुलगी, प्रभा. नवऱ्यापासून वेगळे होऊन, मूल घेऊन, स्वतःच्या कमाईवर जगणे त्या काळी किती अवघड होते, हे वेगळे सांगायला नको. ताराबाई वऱ्हाड सोडून राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन महिला प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या.

नोकरी मानाची होती. पण प्रभाला कसे वाढवायचे, कसे शिकवायचे, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता. बालशिक्षणाकडे त्या वळल्या त्या असे आई म्हणून. पुस्तकातला सिद्धांत नंतर आला.

भावनगरला काय मिळाले?

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत वकिली सोडून आलेले गिजुभाई बधेका १९२०पासून बालमंदिर चालवत होते. पाया मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा : शिक्षकाने कमी बोलावे, जास्त पाहावे. मूल कोणती वस्तू स्वतःहून उचलते, किती वेळ तिच्यात रमते, कुठे अडते, यावरून त्याची पुढची गरज ओळखावी. ताराबाई प्राचार्यपद सोडून तिथे गेल्या. १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. १९३३पासून त्यांनी मराठीतून ‘शिक्षणपत्रिका’ काढली आणि १९३६मध्ये दादरला ‘शिशुविहार’ उभा राहिला.

इथपर्यंतचे काम बहुतांशी शहरातल्या, मध्यमवर्गीय मुलांसाठीच होते. माँटेसरीची साधने महाग. ती खेड्यात कोण विकत घेणार?

बोर्डीत मुले का येत नव्हती?

१९४५मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. गावात बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतली मुले तिथवर येईनात. आईबाप मजुरीवर जात, मुलांना आंघोळ घालून वेळेवर पाठवायला घरी कोणी नसे, आणि जातीची भिंत होतीच. मुले येत नाहीत म्हणून पालकांना दोष देणे सोपे होते. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणात भरणारी म्हणून अंगणवाडी.

त्याचा एक फायदा असा की, मूल आपल्याच माणसांत, आपल्याच मातीत दिसू लागले. अनोळखी खोलीत गप्प राहणारे पोर स्वतःच्या दारात बडबड करते. बाई समोर आल्या की ते मुके होते, म्हणजे त्याला येत नाही असे नव्हे. साधनेही तिथलीच आली : शिंपले, खडे, बिया, पाने. रंग ओळखणे, मोजणे, लहानमोठे लावणे हे सारे त्यावर होऊ लागले.

तान्ही बाळे कशी आली?

१९५७मध्ये काम डोंगरावरच्या कोसबाडला, वारली पाड्यांजवळ गेले. तिथे नवी अडचण उभी राहिली. आठनऊ वर्षांच्या मुली शाळेत येऊ शकत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. भावंड घरी ठेवायचे कोणाजवळ? त्यातून ‘विकासवाडी’ आकाराला आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. ताई वर्गात, मधला बालवाडीत, तान्हे पाळण्यात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात गेली.

१९६२मध्ये ताराबाईंना ‘पद्मभूषण’ मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेले.

वऱ्हाडात अंगणवाडी कधी आली?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या प्रकल्पांत मुंबईतली धारावी होती, तशीच अमरावती जिल्ह्यातली धारणी. ताराबाई ज्या जिल्ह्यातून मुलीला घेऊन निघाल्या, त्याच जिल्ह्यात त्यांचा शब्द असा परत आला.

आज बाळाची पारख कशी होते?

कुपोषणाच्या धास्तीने अंगणवाडीत वजन-उंचीला पहिला मान मिळाला. मेळघाटात ते चुकीचेही नव्हते. पण विकासाचे टप्पे मागे पडले. ढोबळ अंदाज असा : बाळ दोन महिन्यांच्या सुमारास ओळखीचे हसते, चार महिन्यांपर्यंत मान सावरते, आठ-नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसते, साधारण वर्षाचे होताना पहिला अर्थपूर्ण शब्द बोलते आणि दोन वर्षांचे झाले की दोन शब्द जोडते. सखोल तपासणीसाठी भारतीय बाळांवर बेतलेली मोजपट्टी बडोद्यात प्रमिला फाटक यांच्या संशोधनातून तयार झाली. पहिल्या ३० महिन्यांसाठीच्या या पट्टीत हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत. ती वापरायला मात्र प्रशिक्षित माणूस लागतो.

अंगणवाडीत मात्र रोज दिसणारी सेविका आणि आई पुरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावे, अशी तरतूद आहे. बाळ पाच महिन्यांचे होऊनही मान टाकत असेल, मोठ्या आवाजाला दचकत नसेल किंवा येत असलेली गोष्ट करणे थांबवले असेल, तर पथकाची वाट न पाहता सेविकेला वा डॉक्टरांना सांगावे. तिथून बाळाला जिल्हा पातळीवरील प्रारंभिक हस्तक्षेप केंद्रात पाठवता येते. या कार्यक्रमातील तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत.