सर रोनाल्ड फिशर : खरा फरक आणि भासणारा फरक

रोनाल्ड फिशर हे नाव संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. इतरांना ते बहुधा अपरिचितच. मी गाणे शिकविणारा मनुष्य; तरीही या गृहस्थांच्या चरित्राने मला गुंतविले.

फिशर १८९० साली लंडनमध्ये जन्मले. डोळे लहानपणापासून अधू, म्हणून कागदावाचून मनातच गणित करण्याची सवय जडली. केंब्रिजचे शिक्षण झाल्यावर पहिल्या महायुद्धात दृष्टीपायी सैन्याने नाकारले, तेव्हा त्यांनी शाळेत मास्तरकी केली. १९१९ मध्ये ते रॉथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात रुजू झाले. तेथे पिकांच्या कित्येक दशकांच्या नोंदी पडून होत्या. पीक वाढले ते खताने, की तो वाफाच मुळात कसदार होता? उत्तर चुकले तर शेतकऱ्याचा पैसा मातीत जावयाचा. विनिफ्रेड मॅकेन्झी यांच्यासह १९२३ साली बटाट्याच्या प्रयोगावर लिहिलेल्या निबंधात फिशर यांनी प्रचरण-विश्लेषणाची वाट दाखविली : गटागटांमधील फरक हा गटाच्या आतील चढउताराच्या किती पट आहे, ते पाहावयाचे.

मी एक लहानसे उदाहरण मांडून पाहिले. एका खताचे तीन वाफे १०, ११, १२ किलो देतात. दुसऱ्याचे १३, १४, १५. ही पट १३.५ येते, फरक खरा मानावयास हरकत नाही. प्रत्येक आकड्यात दहा मिळवा किंवा सगळे दुप्पट करा. पट तीच राहते. काळी एकमधली बंदिश काळी पाचमध्ये गाइली तरी राग बदलत नाही, तसेच हे. आता फक्त १५ च्या जागी २४ लिहा. दोन सरासऱ्यांतील अंतर तीनवरून सहा किलो होते, पण पट २.८ वर घसरते! एका वाफ्याने आतील चढउतार इतका वाढविला, की मोठा दिसणारा फरकही भरवशाचा उरला नाही.

१९३८ च्या जानेवारीत कलकत्त्यास भरलेल्या पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेचे अध्यक्षपद फिशर यांनी भूषविले. पुढे १९५४ मध्ये पानसे व सुखात्मे या आपल्या दोघा मराठी शास्त्रज्ञांच्या ग्रंथाने या पद्धती देशातील शेतकी संशोधकांच्या हाती दिल्या.

मात्र चरित्र लिहिताना काळी बाजू झाकू नये. सुप्रजननाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. उतारवयात, सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो हा निष्कर्ष त्यांनी अखेरपर्यंत मानला नाही; तंबाखू-उत्पादकांचे सल्लागारपदही स्वीकारले. पुरावा त्यांच्या विरुद्ध वाढत गेला. १९६२ साली ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे त्यांचे निधन झाले. सरासरीतले अंतर पाहून भुलू नका, आतील चढउतारही मोजा, हा त्यांचा धडा मात्र शेतापासून दवाखान्यापर्यंत आजही गिरविला जातो.