शाळेत मन रमलं नाही, पण थोरल्या भावाने हात सोडला नाही; लोखंडी नांगरवाले लक्ष्मणराव किर्लोस्कर

पुणे-मिरज रेल्वेने जाताना पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी नावाचं स्टेशन लागतं. पूर्वी या स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं. पुढे शेजारच्या कारखान्याचं नाव स्टेशनला मिळालं. त्या कारखान्याच्या पाट्यांवर आजही किर्लोस्कर ब्रदर्स असं लिहिलेलं असतं. ब्रदर्स म्हणजे भाऊ. त्यातले एक लक्ष्मणराव, हे बहुतेकांना ठाऊक आहे. दुसरा भाऊ कोण, हे विचारलं तर कारखान्याच्या आसपासच्या गावांतसुद्धा फार थोडे सांगतील. ते म्हणजे थोरले बंधू रामूअण्णा. लक्ष्मणरावांची गोष्ट रामूअण्णांना सोडून सांगता येत नाही.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे आणि याच घराण्यातले. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक होते. घरात पोथ्या, पाठांतर, शास्त्रार्थ. पैसा बेताचा, पण विद्येला मान मोठा. अशा घरात पोराने पुस्तक सोडून मोडक्या वस्तू उघडून बसावं म्हणजे बापाच्या काळजीला कारणच. लक्ष्मण नेमका तसा होता. शाळेत लक्ष नाही. चित्र काढायला सांगा, काढेल. एखादं यंत्र दिसलं की त्याच्या पोटात काय चाललंय ते बघत बसेल. पोरगा हुशार आहे की वाया गेलाय, हे त्या वयात कुणालाच कळत नाही. आज तरी कुठे कळतं?

पोराने चित्रकला शिकायचं ठरवलं, तेव्हा वडिलांचा साफ विरोध होता. चित्रं काढून पोट भरतं, असं त्यांना वाटत नव्हतं आणि त्यांचं फार चुकत होतं असंही नाही. पण रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. पैशाचा भार त्यांनी उचलला आणि १८८५ साली लक्ष्मण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. बापाचा शब्द मोडून धाकट्याला पैसे देणं त्या काळच्या घरात सोपं नव्हतं. थोरल्याने स्वतःचा शब्द पणाला लावला होता. पोरगं मुंबईत फसलं असतं तर बोल त्यालाच लागला असता.

आणि पोरगं फसलंच म्हणायचं. दोनेक वर्षांत कळून आलं की लक्ष्मणच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही. रंगच ओळखता येत नसतील तर चित्रकार कसा होणार? बापाचा विरोध, भावाचे पैसे, मुंबईचे दिवस, सगळं पाण्यात गेल्यासारखं झालं. दुसरा असता तर गावी परतला असता. पण लक्ष्मणरावांनी चित्रकलेतला जो भाग रंगाशिवाय चालतो तो धरून ठेवला. यंत्रांचे आराखडे काढणं, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंग. त्यात हात चांगला बसला होता. त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, आज जिला व्हीजेटीआय म्हणतात तिथे, ते शिक्षक म्हणून लागले. तिथल्या वर्कशॉपमध्ये त्यांनी यंत्रं उघडून, जोडून, चालवून बघितली. पोरांना शिकवता शिकवता स्वतः शिकले. परदेशी मासिकं आणि यंत्रांची पुस्तकं वाचत. शाळेत न वाचणारा मुलगा आता स्वतःहून वाचत होता, कारण पुस्तकात त्याच्या कामाचं काही होतं.

धंद्याची सुरुवातही दोघा भावांनी मिळूनच केली, १८८८ साली आणि तीही सायकलींपासून. त्या काळी सायकल म्हणजे अप्रूप. लक्ष्मणराव मुंबईत सायकल घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. रामूअण्णा तिथे ती विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. किंमत सातशे ते हजार रुपयांच्या घरात. शिकवायचे पंधरा रुपये वेगळे. गिऱ्हाईक अर्थातच वकील, अधिकारी, पैसेवाले. बेळगावातला तो रस्ता आज किर्लोस्कर रोड म्हणूनच ओळखला जातो. धाकटा मुंबईत पगारावर, थोरला बेळगावात दुकानावर, अशी ही जोडी. नाव पडलं किर्लोस्कर ब्रदर्स.

मुंबईची नोकरी सुटली ती अपमानामुळे. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला वरची जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. हातात पगार नाही, घरात खाणारी तोंडं. इथेही पुन्हा भावाचं दुकानच आधाराला होतं. या एका गोष्टीकडे नीट बघायला हवं. त्यांना नोकरीवर लाथ मारता आली, कारण परत जायला जागा होती. स्वाभिमान सगळ्यांनाच असतो, पण परत जायला घर असणारा तो लवकर दाखवू शकतो.

आणखी एक खरं सांगायला हवं. या घरात पैसा कमी असला तरी अक्षरओळख पिढ्यान्पिढ्यांची होती. इंग्रजीत पत्र लिहिता येत होतं. एक भाऊ, वासुदेवराव, डॉक्टर होऊन सोलापुरात स्थिरावले. पुढे संस्थानिकाच्या दरबारात ओळख निघाली. त्याच काळात त्याच भागातल्या कुणब्याच्या किंवा लोहाराच्या पोराला लोखंडातलं जास्त कळत असेलही, पण त्याच्यासाठी यातलं एकही दार उघडं नव्हतं. लक्ष्मणरावांचे कष्ट त्याने कमी होत नाहीत. पण घर माणसाला काय देतं याचा हिशोब करायचा तर पूर्ण करायला हवा.

बेळगावात लहानसं वर्कशॉप सुरू झालं. पहिली वस्तू कडबा कापायचं यंत्र, आपली कडबाकुट्टी. सायकलीचं गिऱ्हाईक शहरातलं होतं, आता नजर शेतकऱ्याकडे वळली. मग आला लोखंडी नांगर, साल १९०३.

लाकडी नांगर माती चिरतो, उलटवत नाही. हरळी आणि कुंदा खालीच राहतो आणि पावसाबरोबर पुन्हा वर येतो. लोखंडी नांगर ढेकूळ पालथं घालतो, मुळं उन्हाला पडतात. विलायती लोखंडी नांगर बाजारात होते, पण महाग. मोडला तर सुटा भाग मिळणं अवघड. लक्ष्मणरावांनी इथल्या बैलांना आणि इथल्या रानाला झेपेल असा नांगर करायचं मनावर घेतलं. करणं एक आणि विकणं दुसरं. लोखंडाने जमिनीला विष बाधतं, असा समज शेतकऱ्यांत पक्का होता. पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली. तयार माल तसाच पडून.

आज हसू येईल, पण त्या शेतकऱ्यालाही फार हसू नये. वर्षाचं पीक एका नांगरटीवर अवलंबून. वस्तू नवी, करणारा बामणाचा पोरगा, ज्याने कधी औत धरलेलं नाही. विश्वास ठेवायचा कशावर? शिवाय फाळ ओतणं ही अवघड गोष्ट. ओतीव लोखंड ठिसूळ झालं तर दगडाला लागून तुकडा पडतो, मऊ राहिलं तर चार दिवसांत झिजतं. हे पुस्तकात वाचून येत नाही, भट्टीपुढे उभं राहून येतं. लक्ष्मणराव उभे राहिले. ज्याने रानात नांगर चालवून बघितला त्याने शेजाऱ्याला सांगितलं आणि हळूहळू मागणी यायला लागली. पहिला नांगर निघाला त्याच साली सोलापुरात लक्ष्मणराव आणि राधाबाईंच्या पोटी शंतनुराव जन्मले. तेच पुढे हा कारखाना जगभर घेऊन गेले.

धंदा जरा रुळावर आला आणि बेळगावात जागा सोडायची पाळी आली. नगरपालिकेला शहराची वाढ करायची होती, तिच्या वाटेत वर्कशॉप आलं. नोटीस मिळाली. भट्ट्या, यंत्रं, कामगार, सगळं घेऊन जायचं कुठे?

त्या दिवसांत लक्ष्मणरावांचं औंधला जाणं-येणं होतं. औंध म्हणजे यमाईचं औंध, आताच्या सातारा जिल्ह्यातलं. तिथल्या मंडपाच्या कामाचा ठेका त्यांनी घेतला होता. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार. चित्रकार राजा आणि रंग न दिसल्यामुळे यंत्राकडे वळलेला कारखानदार यांचं जमलं. अडचण कळल्यावर राजांनी संस्थानाच्या हद्दीत कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपयांचं कर्जही. १९१० साली किर्लोस्कर मंडळींचा मुक्काम तिथे हलला.

जमीन म्हणजे बत्तीस एकर माळ. निवडुंग आणि साप. पाणी नाही, सावली नाही. पण शेजारून रेल्वे जात होती, म्हणजे लोखंड आणि कोळसा आणायची आणि नांगर पाठवायची सोय होती. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं आली. निवडुंग तोडला, पत्र्याच्या शेड उभ्या केल्या. सुरुवातीला लोकांच्या जेवणाखाण्याचा भार राधाबाई आणि घरातल्या बायांवरच होता. कारखान्यांच्या इतिहासात हे ओझरतं येतं किंवा येतच नाही. पण नव्या माळावर पहिले महिने माणसं टिकली ती दोन वेळच्या भाकरीवर, हे ज्याने ऊसतोडीचा तळ पाहिलाय त्याला समजावून सांगायला नको.

भट्टी आणि नांगर लक्ष्मणरावांकडे, गाव रामूअण्णांकडे, अशी वाटणी झाली. घरं कुठे, रस्ता कुठे, पाणी कसं आणायचं, झाडं कुठे लावायची, भांडण झालं तर मिटवायचं कुणी, हे सगळं अण्णा बघायचे. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीची राखण दिली. ज्यांना गाव दारात उभं करत नव्हतं त्यांच्या भरवशावर वाडी झोपायची. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक होता. १९१० च्या आसपास हे नियम करणं म्हणजे आपल्याच नातेवाइकांची नाराजी ओढवून घेणं होतं.

माणसं निवडण्याची पद्धतही घरातूनच आलेली दिसते. ज्याचं स्वतःचं शाळेत जमलं नव्हतं तो दुसऱ्याचं सर्टिफिकेट बघत बसला नाही. शंभूराव जांभेकर, के. के. कुलकर्णी, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर ही पहिल्या फळीतली मंडळी. कुणी परीक्षेत नापास झालेला, कुणी शाळा अर्धवट सोडलेला. त्यांच्याकडून व्यवस्थापन, हिशोब, यंत्रकाम असं सगळं करून घेतलं. रामूअण्णांनी धाकट्याला चुकायला जी जागा दिली होती, तीच लक्ष्मणरावांनी या लोकांना दिली.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशातून येणारं लोखंड आटलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडे किल्ल्यांवरच्या जुन्या, निकामी तोफा होत्या. त्या लक्ष्मणरावांनी मिळवल्या आणि वितळवून कामाला लावल्या. विलायती मालही येईनासा झाल्यामुळे देशी नांगराला गिऱ्हाईक वाढलं. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, मोटेऐवजी पाणी उपसायची साधनं, असा माल वाढत गेला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच साली पुतणे शंकरराव, म्हणजे डॉक्टर वासुदेवरावांचे चिरंजीव, यांनी कारखान्याची माहिती देणारं खबरपत्र सुरू केलं. त्याचंच पुढे किर्लोस्कर मासिक झालं, मग स्त्री आणि मनोहर निघाली. शंतनुरावांना लक्ष्मणरावांनी अमेरिकेत एमआयटीत शिकायला पाठवलं. ते १९२६ साली इंजिनिअर होऊन परतले. बापाच्या विरोधात शिकायला गेलेल्या माणसाने मुलाला स्वतः बोटीत बसवून दिलं.

सगळं गोड झालं असंही नाही. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. मोठं नुकसान झालं. ज्या माळावर जात न बघता माणसं राहत होती, तिथे जात बघून आग लागली. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या घरात होते. कारखाना पुन्हा उभा राहिला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ साली जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. वाडीच्या कारखान्यात आजही पंप तयार होतात, आणि बाहेर पाटीवर अजून ब्रदर्स लिहिलेलं आहे.